पेटंटचा अर्ज नंतर, शोध आधी

पेटंटविषयी आलेल्या पत्रांमधली सहा या वेळी घेतली आहेत. पत्रलेखकांची नावं मुद्दाम गाळली आहेत आणि त्यांच्या युक्तीचा नेमका तपशीलही छापलेला नाही. तो छापला तर त्यांचंच नुकसान होईल. कसं, ते पहिल्याच उत्तरात येतं. मी पुण्यातल्या एका कारखान्याच्या संशोधन विभागात पेटंट शोधण्याचं काम केलं, वकिली केलेली नाही. त्यामुळे नोटिशीपर्यंत किंवा कोर्टापर्यंत गोष्ट गेली तर पेटंट एजंट (पेटंटचे अर्ज करून देणारा, सरकारी परीक्षा दिलेला जाणकार) किंवा वकीलच गाठा. पण त्याच्या कितीतरी आधीचं काम, म्हणजे असं आधी कुणी केलंय का ते धुंडाळणं, तुम्हाला घरबसल्या, एक पैसा न मोजता करता येतं. ते तुम्ही करावंच, असा माझा आग्रह आहे.

ताई, आमची हापूसची बाग आहे. बाजारातल्या झेल्याने, म्हणजे टोकाला जाळी असलेल्या काठीने, आंबा काढताना देठ कधीकधी मुळातूनच तुटतो, चीक फळावर ओघळतो आणि डाग पडतो. मी झेल्याच्या तोंडाशी बदल करून देठ ठरावीक लांबीचा राहील अशी सोय केली आहे. मुलाने त्याचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकला, तो लोकांना आवडला. याचं पेटंट मिळेल का? आणि आधी कुणी असं केलंय का, ते कसं बघायचं?
– एक बागायतदार, देवगड तालुका

दादा, आधी व्हिडिओबद्दल बोलते, कारण त्याची मला जास्त काळजी वाटते.

पेटंट मिळायला वस्तू नवीन लागते, आणि नवीन म्हणजे अर्जाच्या तारखेआधी जगात कुठेही, कुठल्याही भाषेत, कुठल्याही रूपात लोकांसमोर न आलेली. यात तुम्ही स्वतः लोकांसमोर आणलेलंही धरतात. सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनात वस्तू मांडली किंवा विद्वत्सभेत निबंध वाचला, तर १२ महिन्यांची मुभा आहे. यूट्यूबला ती नाही. अमेरिकेत संशोधकाला स्वतःच्या प्रकाशनानंतर वर्षभराची सवलत मिळते, आणि तिथलं ऐकून आपल्याकडेही तसंच असेल असं पुष्कळ जण धरून चालतात. तसं नाही.

व्हिडिओ आता उतरवला तरी झालेलं प्रकाशन पुसलं जात नाही, पण पुढचं तरी थांबतं. त्याची प्रत आणि टाकल्याची तारीख मात्र जपून ठेवा. त्यात नेमकं काय दिसतं, यावर सगळं अवलंबून आहे. नुसता आंबा जाळीत पडताना दिसत असेल आणि आतली रचना कळत नसेल, तर अजून आशा आहे. रचना स्पष्ट दिसत असेल, तर तेवढ्या रचनेचा दावा आता भारतात टिकणं कठीण. त्यानंतर तुम्ही काही वेगळी सुधारणा केली असेल, तर ती कुणालाही दाखवू नका. कृषी प्रदर्शनातही नको.

आता शोधाकडे. पेटंटच्या साठ्यात 'झेला' असं टाकून काहीही हाती लागणार नाही. अर्ज लिहिणारे वस्तूचं नाव घेत नाहीत, ती काय काम करते ते लिहितात. म्हणून कागदावर तुमच्या झेल्याचे भाग उतरवा: लांब दांडा, टोकाचं कडं, जाळी, देठ पकडणारा भाग, पातं, पातं ओढायची दोरी, आणि देठाची लांबी ठरवणारी तुमची सोय. प्रत्येक भागापुढे इंग्रजीतले दोन-तीन शब्द लिहा. फळ काढण्याला कुणी 'फ्रूट पिकर' म्हणतं, कुणी 'फ्रूट हार्वेस्टर', कुणी 'प्लकिंग डिव्हाइस'. देठाला 'स्टॉक', 'स्टेम', 'पेडिसेल', 'पेडंकल' असे चार शब्द सापडतील. आणि फक्त आंब्यावर थांबू नका. सफरचंद, संत्रं, अॅव्होकॅडो, नारळ, कशासाठीही केलेली काठी तुमच्या आड येऊ शकते. सफरचंदं काढायच्या काठ्यांवर अमेरिकेत एकोणिसाव्या शतकापासून पेटंटं दिली गेली आहेत.

पण शब्दांवर फार विसंबू नका. जगभरच्या पेटंट कार्यालयांनी सगळ्या शोधांची एक आंतरराष्ट्रीय वर्गवारी ठरवलेली आहे आणि प्रत्येक अर्जावर तिचा क्रमांक असतो. तुमचा वर्ग ए०१डी ४६/२४. ए म्हणजे माणसाच्या रोजच्या गरजा, ए०१ शेती, ए०१डी कापणी-तोडणी, ४६ फळं वगैरे तोडण्याची साधनं, आणि ४६/२४ सफरचंदासारखी फळं तोडण्याची. तिथूनच पुढे ४६/२४७ हा हाताने वापरायच्या फळकाढणी साधनांचा उपवर्ग आहे. हा क्रमांक टाकला की जपानी, चिनी, स्पॅनिश अर्जसुद्धा समोर येतात, कारण क्रमांकाला भाषा नसते. ज्यांना आपला वर्ग ठाऊक नाही त्यांनी दोन-चार शब्दांनी शोधावं, त्यातल्या त्यात जवळचं एखादं पेटंट उघडावं आणि त्याच्यावर कुठला वर्ग छापलाय ते पाहावं. मग शब्द बाजूला ठेवून त्या वर्गात उतरावं. मी कायम असंच काम केलं.

युरोपियन पेटंट ऑफिसचं एस्पेसनेट तुम्हाला सुरुवातीला पुरेसं आहे. त्यात १५ कोटींहून जास्त कागदपत्रं आहेत आणि ते मोफत आहे. गूगल पेटंट्स वापरायला आणखी सोपं. तिथे प्रत्येक पेटंटच्या खाली दोन याद्या असतात: त्याने कुणाचे दाखले घेतले, आणि नंतरच्या कुणी त्याचा दाखला दिला. जवळचं एक पेटंट सापडलं की या याद्यांवरून मागे आणि पुढे चालत जा. शब्दांनी महिनाभर जे सापडणार नाही, ते या वाटेने एका दुपारी सापडतं. भारतातले अर्ज मात्र आपल्या पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर, 'इनपास' नावाच्या सोयीत बघा. तिथे 'पब्लिश्ड' आणि 'ग्रँटेड' या दोन्ही चौकटींवर खूण करा, नाहीतर अर्धंच दिसेल.

सापडलेलं पेटंट वाचताना बहुतेक लोक चित्रं बघतात, सारांश वाचतात आणि 'हे तर माझंच आहे' म्हणून खचतात. किंवा 'माझं वेगळं आहे' म्हणून खूश होतात. दोन्ही घाई आहे. शेवटी 'क्लेम्स' म्हणजे दावे असतात. खरेदीखतात जशी चतुःसीमा, तसे पेटंटमध्ये दावे: मालकी तेवढ्यापुरतीच. एक नमुना मी रचून देते. "फळ काढण्याचे साधन, ज्यात लांब दांडा, दांड्याच्या टोकाला बसवलेले कडे, कड्याला लावलेली जाळी, कड्यावर बसवलेले, दोरीने फिरणारे पाते, आणि पात्याखाली, फळाला टेकणारा, उंची बदलता येणारा थांबा असलेले." यात पाच भाग आहेत. त्यातले पाचच्या पाच तुमच्या झेल्यात असतील तर तुम्ही त्या दाव्याच्या आत आलात. थांबा नसेल तर त्या दाव्यात नाही. उलट बाजूने, तुमचा दावा 'नवीन नाही' असं म्हणायचं तर तुमचे सगळे भाग एकाच जुन्या कागदपत्रात सापडावे लागतात. पण तेवढ्यावर सुटका नाही. एका कागदात पातं आणि दुसऱ्यात थांबा असेल, आणि या कामातल्या जाणकाराला दोन्ही एकत्र करणं सहज सुचलं असतं असं पेटंट कार्यालयाच्या परीक्षकाला वाटलं, तरी अर्ज फेटाळला जातो.

म्हणून शोधताना वहीत रकाने आखा. आडवे तुमच्या झेल्याचे भाग, उभे सापडलेल्या पेटंटांचे नंबर, जुळेल तिथे खूण. ज्या रकान्यात खूण कमीत कमी पडेल तो तुमच्या झेल्याचा खरा नवा भाग. माझा अंदाज आहे की दांडा, कडं, जाळी, पातं या सगळ्यांवर खुणाच खुणा पडतील आणि सगळी भिस्त देठाच्या लांबीच्या सोयीवर येईल.

आणि फक्त पेटंटं बघू नका. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा 'नूतन झेला' तुम्ही पाहिला असेलच, तोही देठासकट आंबा काढण्यासाठीच आहे. त्याची माहिती, विद्यापीठाच्या पुस्तिका, परदेशी विक्रेत्यांची पत्रकं, तारीख असलेले व्हिडिओ, हे सगळं 'आधीचं ज्ञान' म्हणून परीक्षक तुमच्यापुढे ठेवू शकतो. त्याने ठेवण्याआधी तुम्ही पाहिलेलं बरं.

एवढं करूनही एक पट्टा अंधारातच राहतो. अर्ज साधारणपणे १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. त्यामुळे गेल्या दीड वर्षात कुणी काय दाखल केलं ते कुणालाच दिसत नाही.

आशा आहे असं वाटलं, तर आधी तात्पुरता, म्हणजे प्रोव्हिजनल अर्ज करा. तारीख तुमच्या नावावर लागते आणि पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात. व्यक्तीसाठी ऑनलाइन अर्जाची सरकारी फी १,६०० रुपये आणि पुढे परीक्षणाच्या विनंतीची ४,००० रुपये. एजंटची फी वेगळी, आणि तीच जास्त असते. शेतकरी, कारागीर यांच्या स्वतःच्या शोधांना गांधीनगरचं नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशन पेटंटपर्यंत मदत करतं. तुमच्या झेल्यासाठी मी पहिलं पत्र तिथे पाठवेन.

आमच्या बचत गटाचा कांदा-लसूण मसाला चांगला खपतो. आता दुसऱ्या एकीने तसाच मसाला, जवळपास त्याच नावाने आणलाय. आम्हाला मसाल्याचं पेटंट घ्यायचंय.
– कोल्हापूरहून एक ताई

ताई, तुमचा त्रास नावाचा आहे, तेव्हा तुम्हाला हवा आहे ट्रेडमार्क, म्हणजे मालाच्या नावाची नोंदणी. मसाले त्यात ३० व्या वर्गात येतात. नोंदणी १० वर्षांची असते आणि दर वेळी वाढवता येते. आजच ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर जाऊन ३० व्या वर्गात तुमच्या नावासारखं दुसरं नाव आहे का ते बघा. उच्चाराने सारखं असलेलंही बघा. आणि पहिल्यापासूनची बिलं, पाकिटं, जत्रेतल्या स्टॉलच्या पावत्या सांभाळा. नाव आधी कुणी वापरलं, हे त्यांच्यावरूनच सिद्ध होतं.

मसाल्याला पेटंट मिळणं अवघड आहे. नुसत्या मिश्रणाने घटकांचे आपापले गुण एकत्र येत असतील तर कायद्याच्या ३(ई) कलमाने ते बाद, आणि पारंपरिक ज्ञान ३(पी) ने बाद. शिवाय पेटंट म्हणजे कृती छापून जगाला सांगणं. तुमचं भाजण्याचं आणि कुटण्याचं प्रमाण चार जणींपुरतंच ठेवा, त्यातच तुमचं भलं आहे.

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. पदोन्नतीसाठी पेटंटला गुण आहेत. 'पैसे भरा, सहावे संशोधक म्हणून नाव घालतो, महिनाभरात पेटंट पब्लिश' असे संदेश येतात. सहकाऱ्यांनी घेतलीत. प्रमाणपत्रासारखा कागदही मिळतो. हे खरं असतं का?
– एक प्राध्यापक, छत्रपती संभाजीनगर

सर, तुम्ही विचारलंत हे फार बरं केलंत. हा प्रकार वाढत चाललाय आणि त्यात तुमच्यासारख्यांच्या घामाचे पैसे जातात.

'पब्लिश' झालं याचा अर्थ अर्ज आला आणि तो छापला, इतकाच. १८ महिने थांबायचं नसेल तर फॉर्म ९ भरून तो लवकर छापून घेता येतो. दर शुक्रवारी पेटंट कार्यालयाचं जर्नल निघतं, त्यात तो येतो. तोवर शोध नवीन आहे की नाही हे कुणीही तपासलेलं नसतं. तपासणी हवी असेल तर वेगळी विनंती करावी लागते. १५ मार्च २०२४ पासून आलेल्या अर्जांना ती ३१ महिन्यांच्या आत करायची असते, आणि केली नाही तर अर्ज मागे घेतला असं धरतात. नाव विकत देणाऱ्यांना पुढच्या खर्चात रस नसतो. अर्ज तसाच पडून संपतो आणि तुमच्या बायोडेटात मात्र 'पेटंट' राहतं.

मिळालेल्या कागदावरचा अर्ज क्रमांक बघा. २०१६ पासून तो १२ आकडी असतो. पहिले चार आकडे वर्षाचे. पाचवा कार्यालयाचा: १ दिल्ली, २ मुंबई, ३ कोलकाता, ४ चेन्नई. सहावा अर्जाच्या प्रकाराचा: साध्या अर्जाला १, परदेशातून पीसीटी या आंतरराष्ट्रीय कराराच्या मार्गाने आलेल्याला ७. म्हणजे २०२३२१ ने सुरू होणारा क्रमांक २०२३ मध्ये मुंबईत दाखल झालेल्या साध्या अर्जाचा. हा क्रमांक पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर 'अॅप्लिकेशन स्टेटस'मध्ये टाका. परीक्षणाची विनंती आहे का, पहिला परीक्षण अहवाल निघाला का, त्याला सहा महिन्यांत उत्तर गेलं का, सगळं तिथे दिसतं. 'व्ह्यू डॉक्युमेंट्स'मध्ये जाऊन तो अहवालही उघडता येतो. परीक्षकाने कुठली जुनी पेटंटं पुढे ठेवली, दाव्यात कुठे बोट ठेवलं, ते वाचा. विद्यार्थ्यांना पेटंट शिकवायचं असेल तर एखाद्या खऱ्या अर्जाचा अहवाल आणि त्यावरचं उत्तर वर्गात वाचून दाखवा. मला याहून चांगलं पाठ्यपुस्तक माहीत नाही.

दुसरी फसवणूक डिझाइनची. डिझाइन नोंदणीत फक्त वस्तूचा आकार, नक्षी, दिसणं येतं, ती चालते कशी हे येत नाही. भारतात तो वेगळा कायदा आहे, २००० सालचा, आणि हक्क १० अधिक ५ वर्षांचा. ब्रिटनमध्ये तर डिझाइन नोंदताना ते नवीन आहे का हे तपासतच नाहीत. तिथून झटपट आणलेल्या नोंदणीला 'यूके पेटंट' म्हणून विकतात. जर्मनीत 'युटिलिटी मॉडेल'ही नवेपणाची तपासणी न करता नोंदलं जातं.

आणि ज्यात तुमचा शोध नाही त्यात संशोधक म्हणून नाव घालणं म्हणजे सरकारदरबारी खोटं लिहून देणं. खोट्या माहितीवर मिळवलेलं पेटंट रद्द करता येतं. तुमच्याच प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांनी केलेल्या एखाद्या प्रामाणिक प्रकल्पाचा नीट शोध घ्या आणि अर्ज संस्थेकडून करा. शैक्षणिक संस्थांना सरकारने फीमध्ये ८० टक्के सवलत दिलेली आहे.

आमचं लेथ आणि मिलिंगचं छोटं वर्कशॉप आहे. गिऱ्हाईकाने एका परदेशी मशीनचा जॉब, म्हणजे सुटा भाग, आणून दिला, 'असेच शंभर करून द्या' म्हणाला. त्यावर 'पेटंटेड' असं लिहून अमेरिकेचा नंबर कोरलाय. घ्यावं का काम?
– इचलकरंजीहून एक वर्कशॉपमालक

नंबर गूगल पेटंट्सवर टाका आणि चार गोष्टी बघा. घाबरून काम सोडायचं नाही आणि डोळे मिटून घ्यायचंही नाही.

पहिली, देश. अमेरिकेचं पेटंट अमेरिकेतच चालतं. पण त्याच शोधाचे इतर देशांतले अर्ज एकाच 'फॅमिली'त दाखवतात. त्यात 'आयएन' दिसलं तर भारतातही अर्ज आहे. दिसलं नाही तरी इनपासमध्ये कंपनीच्या आणि संशोधकाच्या नावाने पुन्हा शोधा. मी कधीही एकाच ठिकाणच्या 'नाही'वर विश्वास ठेवला नाही. आणि गिऱ्हाईक हा माल अमेरिकेला पाठवणार असेल तर गोष्ट वेगळी, तिथे ते पेटंट लागू होतं. कुठे विकणार, हे त्याला आधीच विचारा.

दुसरी, नंबराच्या शेवटचं अक्षर. 'ए१' म्हणजे नुसता छापलेला अर्ज, 'बी१' किंवा 'बी२' म्हणजे मंजूर झालेलं अमेरिकन पेटंट. पुष्कळ लोक अर्जालाच पेटंट समजून हबकतात.

तिसरी, ते जिवंत आहे का. भारतात पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं, पण त्यासाठी तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी फी भरावी लागते. भरली नाही तर पेटंट संपतं. भारतीय पेटंटचा क्रमांक पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर 'ई-रजिस्टर'मध्ये टाकला की कुठपर्यंत फी भरली आहे ते दिसतं. मात्र नुकतंच संपलेलं असेल तर जपून. मालकाला ते १८ महिन्यांच्या आत परत चालू करून मागता येतं. ज्याची २० वर्षं सरली ते सगळ्यांचं. त्यातली मापं, चित्रं, सामग्री बघून कुणीही बनवावं, कायद्याची तीच अपेक्षा आहे. छोट्या वर्कशॉपवाल्यांनी संपलेली पेटंटं वाचावीत असं मला फार वाटतं. चांगल्या चांगल्या यंत्रांची चित्रं तिथे मोफत पडून आहेत.

चौथी गोष्ट दावे. वर झेल्याच्या उत्तरात सांगितलंय तसेच भाग पाडून बघा.

तुमच्या धंद्याशी अगदी जुळणारा एक निकाल आहे. मिर्झापूरच्या एका धातूच्या भांड्यांच्या कारखान्याने लेथवर भांडी धरण्याच्या युक्तीवर १९५१ च्या तारखेचं पेटंट मिळवलं होतं. दुसऱ्या भांडी कारखानदाराशी त्यावर वाद झाला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाने १३ डिसेंबर १९७८ रोजी ते पेटंट टिकवलं नाही. चालत आलेल्या पद्धतीत कारागिराने कामाच्या ओघात केलेली सुधारणा पेटंटला पुरत नाही, त्यात काही शोध दिसावा लागतो, असं त्या निकालाने सांगितलं. आजही वकील तो निकाल पुढे करतात. म्हणजे तुमच्याकडे आलेल्या 'पेटंटेड' शिक्क्यामागचं पेटंटही कच्चं असू शकतं. पण ते कच्चं ठरवणं तुमच्या हातात नाही, कोर्टाच्या हातात आहे. पुण्याच्या बजाजने दोन स्पार्क प्लगच्या इंजिनावरच्या पेटंटवरून टीव्हीएसवर दावा लावला, तेव्हा मोठ्या मोठ्या कंपन्यांनाही वर्षानुवर्षं कज्जा लढावा लागला. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टीव्हीएसला विक्री करू दिली ती विकलेल्या मालाचा हिशोब ठेवण्याच्या अटीवर, आणि मूळ वाद खालच्या कोर्टाकडे राहिला.

तेव्हा भारतात चालू पेटंट दिसलं आणि सगळे भाग जुळले, तर काम घेऊ नका, किंवा एजंटचं लेखी मत घ्या. 'गिऱ्हाईकाने सांगितलं म्हणून केलं' हा बचाव बनवणाऱ्याला वाचवत नाही. काही दिसलं नाही, तर शोधाची तारीख घालून कागद फाइलला लावा आणि कामाला लागा.

अमेरिकेने हळदीचं पेटंट घेतलं होतं असं मुलांना सांगते. ते नेमकं कसं आणि कुणी रद्द केलं?
– एक शिक्षिका, सांगली

अमेरिकन सरकारने नाही, मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राने. नंबर ५४०१५०४, दिलं २८ मार्च १९९५ रोजी. संशोधक दोघे भारतीय वंशाचे होते. गूगल पेटंट्सवर 'यूएस' लावून हा नंबर टाकला तर आजही उघडतं. पहिला दावा मुलांना वाचून दाखवा: रुग्णाला हळदीची पूड देऊन जखम भरून आणण्याची पद्धत. त्यात हळदीच्या पुडीपलीकडे दुसरं औषधच नाही. दावे का वाचायचे, हे सांगलीच्या मुलांना याहून सोपं करून सांगता येणार नाही.

सीएसआयआरचे, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे, तेव्हाचे महासंचालक डॉ. रघुनाथ माशेलकर, गोव्यातल्या माशेलचे. त्यांच्या पुढाकाराने १९९६ मध्ये फेरतपासणीचा अर्ज झाला. 'आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे' असं म्हणून पेटंट कार्यालयात भागत नाही, छापील पुरावा लागतो. सीएसआयआरने ३२ दाखले काढले. त्यांत संस्कृत, उर्दू आणि हिंदी ग्रंथांतले होते, आणि इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला १९५३ चा एक लेखही होता. ऑगस्ट १९९७ मध्ये अमेरिकन पेटंट कार्यालयाने सगळे दावे नाकारले.

परीक्षकाने पहिल्यांदा पेटंट दिलं कारण तो शोधत होता त्या साठ्यात आपले ग्रंथ नव्हते. ही उणीव भरून काढायला २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल ग्रंथालय सुरू झालं. आयुर्वेद, युनानी वगैरेंमधल्या औषधांच्या कृती त्यात इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश, जपानी या भाषांत, परीक्षकाला वाचता येतील अशा घातल्या आहेत.

मुलांना हेही सांगा की अशी हरकत घ्यायला मोठी संस्था लागत नाही. भारतात प्रसिद्ध झालेला अर्ज मंजूर होण्याआधी, कलम २५(१) प्रमाणे कुणीही व्यक्ती लेखी विरोध करू शकते. गावातल्या एखाद्या जुन्या युक्तीवर कुणी अर्ज केलेला दिसला आणि तुमच्याकडे तारखेसकट छापील पुरावा असेल, तर तो पुढे ठेवायचा हक्क तुमचा आहे. माझी कळकळीची विनंती आहे की जुनी कृषी मासिकं आणि पंचांगांबरोबर येणाऱ्या औषधी पुस्तिका रद्दीत घालू नका.

बी.एस्सी. झालोय, रसायनशास्त्र. पेटंट शोधण्याचं काम शिकायचंय. कुठून सुरुवात करू?
– एक विद्यार्थी, अकोला

विज्ञान किंवा अभियांत्रिकीची पदवी, भारतीय नागरिकत्व आणि वयाची २१ वर्षं पूर्ण, एवढ्यावर सरकारची पेटंट एजंट परीक्षा देता येते. प्रत्येक पेपरात किमान ५० टक्के आणि एकूण ६० टक्के लागतात. तुझ्या जवळ नागपूरला राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था आहे, तिच्या प्रशिक्षणवर्गांवर लक्ष ठेव.

तोवर दर शुक्रवारचं जर्नल उतरवून घे. तुझ्या विषयाचा एक अर्ज निवड, त्याचे दावे भाग पाडून वहीत लिही आणि त्याच्या आधीचं सगळ्यात जवळचं कागदपत्र तू स्वतः शोधून काढ. तुझं उत्तर वहीतच ठेव. पुढे त्या अर्जाचा परीक्षण अहवाल निघाला की उघडून बघ, परीक्षकाने तेच पुढे ठेवलंय की वेगळं. वेगळं असेल तर तो कुठल्या वर्गातून गेला ते शोध.